वासाचा हात

दुधरामच्या डाव्या तळहाताला केशोरीच्या आसपासच्या दहा गावांत एकेकाळी फार मान होता. कोणाच्या घरी लग्न निघालं आणि मोहाची दारू उतरवायची ठरली, की भट्टीवाला आधी दुधरामकडे माणूस धाडायचा. दुधराम यायचा, उकिडवा बसायचा, तळहातावर दोन थेंब घेऊन अंगठ्यानं चोळायचा, हुंगायचा आणि डोळे मिटून निकाल सांगायचा, "धार पहिलीच होय. पन मागून पानी ओतलं आहे कोन्तरी." भट्टीवाला मान खाली घालायचा, कारण ओतणारा तोच असायचा. आता तपासणीचं काम दोन थेंबांवर कधी थांबत नाही, हे काय सांगायला पाहिजे? सरकारी तपासणीसुद्धा थांबत नाही. उन्हं कलली की दुधरामला कोणीतरी दोन्ही बाजूंनी धरून घरी पोचवून द्यायचं.

घरी उंबऱ्यावर बायको, रुख्मा, उभी. तशी ती साधी बाई, पण नाक असं की पलीकडच्या गल्लीत कोणाची डाळ करपली तर हिला आधी कळायचं. ती एकच शब्द बोलायची, "हात." दुधराम हात पुढे करायचा, ती हुंगायची आणि "आहे" नाहीतर "नाही" एवढंच म्हणायची. "नाही"चे दिवस थोडे. "आहे" म्हणाली की ती लहानग्या गुंजनला घेऊन मुकाट आत जायची. पुढचं काही दुधरामला सकाळी आठवत नसे, आणि जे आठवत नाही त्याची चौकशी करायची त्याला सवय नव्हती. बायको तोंड सोडून हातच काऊन हुंगते, याचं उत्तर मात्र त्यानं आपल्यापुरतं काढून ठेवलं होतं. त्याचा जुना सोबती चैतराम, त्याला तो कौतुकानं सांगायचा, "तोंडाचं काय बे, बडीशेप टाकली की झालं. तळहातात मुरलेली धार लपत नाही. मोठी हुशार बाई आहे."

अशी वीस-बावीस वर्षं गेली. गुंजनचं लग्न झालं, ती तिरोड्याला नांदायला गेली. जावई हिमांशू तिथल्या वीज कारखान्यात कामाला. दोन हजार चौदाच्या दिवाळीनंतर मंडईच्या जत्रेला दोघं घरी आले आणि गुंजनला दिवस गेल्याची बातमी सांगितली. दुधरामनं आनंदाच्या भरात टोपी डोक्यावर घातली आणि निघाला तपासणीला. रुख्मा दारात आडवी आली.

"ऐका. ज्या हाताले वास, त्या हातात माझं नातवंड नाही."

"येवढ्या खुशीच्या दिवशी?"

"बारशाले लेकराले सूर्य कोन दाखवते, ठाव आहे ना? तुमचा हात वासाचा राहिला त माझा भोजराज दाखवीन."

हा घाव वर्मी बसला. त्या घरची रीत अशी, की बारशाच्या सकाळी आईच्या बापानं लेकराला दोन्ही हातांवर घेऊन अंगणात उतरायचं आणि उगवतीकडे तोंड करून त्याला सूर्य दाखवायचा. गुंजनला दुधरामच्या सासऱ्यानं दाखवला होता. आणि भोजराज म्हणजे रुख्माचा धाकटा भाऊ, शाळामास्तर, जन्मात सुपारीचं खांड तोंडात टाकलं नाही असा माणूस. मेहुण्यात वाईट असं काहीच सापडत नव्हतं, याचंच दुधरामला वाईट वाटायचं. त्यानं टोपी काढून खुंटीला अडकवली. त्या दिवसापासून त्यानं दारू सोडली ती सोडलीच. तो परत पिणार म्हणून गावात पैजा लागल्या, त्या लावणारे सगळे हरले.

मार्चच्या सुरुवातीला गुंजन गोंदियाला दवाखान्यात बाळंत झाली. मुलगी झाली, पण दिवस भरायच्या आधी, अन् पुरती दोन किलोचीही नाही. तिला काचेच्या पेटीत ठेवली. तेव्हा स्वाइन फ्लूची साथ होती, पेपरात रोज तेच, दवाखान्यात जो तो तोंडाला फडकं बांधून. पुरुषांना आत सोडत नव्हते. दुधराम दारातल्या काचेला नाक लावून दहा दिवस उभा राहिला, आणि तिथून त्याला एक गोष्ट रोज दिसली. आत जाणाऱ्या प्रत्येक बाईच्या हातावर नर्स एका बाटलीतून पचकन काहीतरी टाकायची. मग बाईनं ते तळहातावर, मागच्या अंगाला, बोटांच्या मधे, अंगठ्याला, वाळेपर्यंत चोळायचं. "हे लावल्याशिवाय बाळाला कोणी हात लावायचा नाही," असं नर्स दिवसातून पन्नास वेळा ओरडायची. दुधरामनं हे पक्कं मनात कोरून ठेवलं. नर्स आणखीही काही सांगत असेल, पण काचेतून तेवढंच ऐकू आलं.

सोमवारी पोरगी घरी आली. सोबत दवाखान्यातून एक लहान बाटलीही आली, ती दुधरामनं लगेच आपल्या ताब्यात घेतली. बारसं रविवारी ठरलं. संध्याकाळी तो शेतातून आला, उन्हाळी धानाच्या बांधीतला चिखल धोतराला पुसला, बाटली उघडली आणि नर्सनं दाखवलं तसं चोळू लागला. दोनदा चोळलं आणि त्याचा हात जागच्या जागी थांबला. अरे देवा! हे तर ओळखीचं निघालं! घट्ट केलेलं, वरून लिंबाचा वास दिलेला, पण आत तीच. चार महिन्यांनी रस्त्यात जुना सोयरा भेटावा तसं त्याचं मन भरून आलं, आणि दुसऱ्याच क्षणी त्यानं झटकन बाटलीला झाकण लावलं, कारण समोर उंबऱ्यावर रुख्मा उभी होती.

"हात."

"अवो, हे दवाखान्याचं औषध होय."

रुख्मानं हुंगलं. "आहे."

"आहे म्हनजे राहीनच ना! त्यातच आहे! हे नाही लावलं त पोरीले शिवता येत नाही."

"लावलं त माझ्याच्यानं शिवू देता येत नाही," रुख्मा म्हणाली आणि आत गेली. आतून नातीचा बारीक आवाज आला, मांजरीच्या पिलाएवढा. दुधराम पडवीत खाटेवर बसून दोन्ही हातांकडे पाहत राहिला. लावावं तर बायको शिवू देत नाही, न लावावं तर नर्स. बरं, विचारावं कोणाला? दररोज येऊन पोरीचं वजन करणारी आरोग्य खात्याची आशाताई, वच्छला, होती, विचारता आलं असतं. पण ज्या विषयात सारा मुलूख आपल्याला विचारायला यायचा, त्यात आपण एका बाईला विचारायचं? दुधरामला ते पटलं नाही.

मंगळवारी सकाळी तो दुलीचंदच्या मेडिकलमध्ये जाऊन उभा राहिला. दुलीचंद सेठ मूळ गोंदिया शहरातला, त्यामुळे मराठी समजायचा आणि हिंदी बोलायचा.

"सेठ, हात साफ कराचं औषध पाहिजे. पन दारूचा वास नको."

"देखो दुधराम भाऊ," दुलीचंदनं तीन बाटल्या काउंटरवर मांडल्या, "ये गाढ़ा वाला, जेल. ये पतला, पानी जैसा, फवारे वाला. दोनों में वही माल है जो आपके महुए में रहता है. सौ में सत्तर हिस्सा. ऊपर से कड़वा डाल देते हैं, ताकि कोई पी न ले."

"शंभरात शंभर काऊन नाही टाकत?"

"वो कंपनी जाने, भाऊ."

आता दुधरामची कळी खुलली. तो काउंटरवर कोपर टेकवून म्हणाला, "मी सांगतो. निव्वळ धार तळहातावर टिकतच नाही. फुर्र उडून जाते. जंतू मराच्या आधी तेच उडून जाते. थोडं पानी पाहिजेच त्याले, तवा ते हाताले धरून राहते न काम करते. पन लय पानी टाकलं, अर्ध्याच्या खाली आनलं, त मंग निसता वासच. बरोबर का नाही?"

दुलीचंदनं बाटलीवरचा कागद डोळ्यांजवळ नेऊन वाचला आणि चष्म्यावरून दुधरामकडे नव्यानं पाहिलं. "आप तो डॉक्टर निकले, भाऊ."

"मंग हे तिसरं कोनतं?"

"ये भी स्पिरिट ही है, लेकिन दूसरी जात का. सुई लगाने से पहले जो पोंछते हैं न, वैसा. ये पेट में गया तो सीधा गोंदिया, और वहाँ से भी आगे."

दुसऱ्या जातीचं! दुधरामला हेच पाहिजे होतं. बायको ओळखते ती मोहाची जात, ही वेगळी, हिला काय ओळखणार? ती बाटली घेऊन तो जवळजवळ पळतच घरी आला, पडवीत उभ्या उभ्या चोळली आणि मोठ्या ऐटीत हात पुढे केला. रुख्मानं हुंगलं.

"दवाखान्याचा वास येऊन राहिला," ती म्हणाली.

"हे पाय! मी सांगत होतो ना!"

"त्याच्या खाली आहे."

जातीनं दुसरी असली तरी नात्यानं ती दारूचीच बहीण, हे रुख्माच्या नाकानं कोणतंही पुस्तक न वाचता ओळखलं. दुधराम हरला खरा, पण खोटं कशाला बोलू, त्याला आतून बायकोचा थोडा अभिमानही वाटला. असं नाक भट्टीवर बसलं असतं तर त्याचा मान कधीच गेला असता.

बुधवारी, गुरुवारी तेच. तोवर गावात कुणकुण सुरू झाली. पानठेल्यावर चैतरामनं त्याचा हात ओढून हुंगला आणि डोळे मोठे केले, "वा रे भाऊ! लिंबू टाकलेली? एकट्या एकट्यानं? आमाले त सांगतलं सोडली म्हनून!"

"नातीसाठी लावून राहिलो, बे."

"नातीसाठी!" चैतराम इतका हसला की त्याला ठसका लागला. "आमी आजवर दुःखासाठी पेलो, खुशीसाठी पेलो, बैल मेला म्हनून पेलो. नातीसाठी कोनी पेलं नव्हतं. हे नवीन काहाडलं तू." पानठेल्यावरचे सगळे हसले. दुधरामही हसला, पण घरी येताना त्याला वाईट वाटलं. चार महिने ज्या हातानं पेला धरला नाही, तो हात आता साऱ्या गावात दारूडा ठरला होता, आणि ज्या पोरीसाठी हे सगळं, तिचं तोंड त्यानं अजून धड पाहिलं नव्हतं. दाराच्या फटीतून दिसायचं ते एक गुंडाळलेलं लुगडं आणि त्यातून बाहेर आलेली मुठीएवढी टोपी.

शुक्रवारी त्याला अक्कल सुचली. धार उडते ना? मग उडू द्यावी! त्यानं चोळून चोळून हात कोरडे केले आणि वास पुरता जावा म्हणून अंगणात जाऊन दोन्ही हात वर करून वाऱ्यावर उभा राहिला. रस्त्यानं जाणाऱ्या दोघा-तिघांनी, घरात कोणी चोर शिरला काय, म्हणून थांबून पाहिलं. पाच मिनिटं झाली, दहा झाली. वास गेला असं वाटलं तोच वासरानं दावं तोडलं आणि ते धानाच्या पेंढ्याकडे धावलं. दुधरामनं सवयीनं त्याच्या गळ्यात हात घातला आणि मग लक्षात आलं. शेण, लाळ, सगळं हाताला! परत चोळलं, परत हात वर. मग डोळ्यावर माशी बसली, ती हाकलली आणि तोच हात केसाला लागला. परत चोळलं. तिसऱ्या खेपेला मात्र त्यानं कशालाही हात लावू दिला नाही. पाऊण तास तो खांबासारखा उभा राहिला. स्वतः हुंगून पाहिलं, वासाचा पत्ता नाही. तीस वर्षांच्या अनुभवाचं नाक सांगत होतं की नाही म्हणजे नाही.

रुख्मानं हुंगलं. दोनदा हुंगलं. मग त्याच्या तोंडाकडे पाहिलं.

"आहे," ती म्हणाली.

"काही नाही आहे! आन कोनालेही हुंगाले!"

"मले येऊन राहिला."

दुधरामला पहिल्यांदाच वाटलं की आपलं नाक म्हातारं झालं. तो जेवला नाही.

शनिवारी हिमांशू बारशासाठी तिरोड्याहून आला. सासऱ्याची अडचण त्याला गुंजननं फोनवर सांगितली होती, तर पोरगा चांगला, त्यानं येताना एक वेगळीच बाटली आणली. दाबली की पांढरा फेस निघायचा. "बाबा, ह्यात दारू नाहीच. वासाचा प्रश्नच नाही," तो म्हणाला. दुधरामनं फेस तळहातावर घेतला. फेस मऊ, वास गुलाबाच्या पाण्यासारखा. रुख्मा उंबऱ्यावर येऊन उभी राहिली. आत गुंजन पोरीला मांडीवर घेऊन बसलेली दिसत होती. पाच पावलांचं अंतर. हात पुढे करायचा, "नाही" ऐकायचं आणि आत जायचं, झालं. सोमवारपासून जे पाहिजे होतं ते हातात आलं होतं.

पण दुधरामच्या अंगठ्यानं आपलं काम आधीच सुरू केलं होतं. तो फेस चोळत होता आणि त्याचं तोंड हळूहळू पडत होतं. हाताला ना गारवा लागत होता, ना काही उडत होतं. "जावईबापू, ह्यात काही दम नाही," तो म्हणाला.

"बाबा, चालते ते. जंतू मरतात त्यानं पण."

"थोडेबहुत मरत असन. नर्स ज्यानं हात पुसे, ते असं नव्हतं. पोरगी दोन किलोची आहे ना. माझ्या हातावर बांधीचा चिखल, जनावराचं शेन. ह्याच्या भरवशावर मी नाही शिवत तिले." आणि सगळ्यांच्या देखत त्यानं खिशातून दवाखान्याची बाटली काढली आणि तीच दारूची जेल वरून चोळली. मनगटापर्यंत चोळली.

"आहे," रुख्मा म्हणाली.

मग मात्र दुधरामच्या डोक्यात सणक गेली. "आहे, आहे, आहे! त मी का करू? हात तोडून टाकू? एक थेंब नाही पेलो चार महिने! गावात हसून राहिले माझ्यावर! न तू, तू दारात पहारेकरी बनून उभी!" त्याचा आवाज एवढा चढला की आत पोरगी दचकून रडायला लागली. गुंजन उठली. हिमांशू मधे पडावं की नाही या विचारात दोन पावलं पुढे आला. रुख्मा जागची हलली नाही. तिनं मागे हात नेऊन दार लावून घेतलं, आणि ती तशीच दुधरामच्या समोर उभी राहिली. तिनं डोळे खाली केले नाहीत. पोरीचं रडणं ऐकून दुधरामचा राग कुठल्या कुठे गेला. "रडवली मी तिले," असं पुटपुटत तो गोठ्याकडे निघून गेला आणि रात्री जेवायच्या हाकेपर्यंत तिथेच बसला.

रविवारी पहाटेच भोजराज आला. पांढरा धुतलेला शर्ट, कपाळाला टिळा. यानं आपल्या हाताचा वास नक्की चंदनाचा ठेवला असेल, असं दुधरामच्या मनात आलं. वच्छलाही आली, पोरीचं वजन करायला आणि पेढा खायला. शेजारच्या बाया जमल्या. उजाडू लागलं होतं. दुधराम नवं धोतर नेसून पडवीत आला आणि शेवटचा उपाय म्हणून परत एकदा बाटली उघडून चोळू लागला. वच्छलानं त्याच्याकडे पाहिलं.

"दुधराम भाऊ, हे का करून राहिले?"

"हात साफ करून राहिलो. पोरीले घ्याचं आहे."

"मंग साबन कुठे गेला?"

दुधराम थांबला. "साबन?"

"अवो, नळावर जा, साबनानं हात घासा, घ्या पोरीले. हे बाटलीवालं, जिथं पानी नाही तिथंसाठी. दवाखान्यात घडीघडीले कोन धुत बसन, म्हनून तिथं ठेवतात. न चिखलाच्या हातावर त ते बरोबर कामही करत नाही. मळलेल्या हाताले साबनच पाहिजे." ती हसू लागली. "मी त पहिल्याच दिवशी सांगतलं होतं घरात. तुमाले कोनी सांगतलं नाही का?"

पडवीतल्या बाया तोंडाला पदर लावून हसू लागल्या. सोमवारपासून रविवारपर्यंत तीन बाटल्या, एक वासरू, पाऊण तास वाऱ्यावर आणि सगळ्या गावाची थट्टा, आणि घरच्या मोरीवर आठ दिवस साबणाची वडी आपल्या जागी पडलेली! दुधराम वळून मागच्या अंगणात मोरीकडे गेला. रुख्मा तिथे आधीच लोट्यात पाणी घेऊन उभी होती. तिनं पाणी ओतलं, त्यानं साबण घेतला.

"तुले ठाव होतं?"

"हो."

"मंग काऊन नाही सांगतलं? आठ दिवस मले येडा बनवून राहिली!"

"बोटाच्या मधात घासा," रुख्मा म्हणाली. तिनं आणखी पाणी ओतलं. "शुक्रवारी तुमच्या हाताले वास नव्हताच."

"का म्हनते?"

"नव्हता. उडून गेलता. मी खोटं बोलली."

दुधराम साबणाच्या हातानं तिच्याकडे पाहत राहिला. पुढच्या अंगणातून बायांचं बोलणं ऐकू येत होतं. रुख्मानं लोटा खाली ठेवला.

"तुमाले वाटते, इतके वर्स मी दारू हुंगत होती. दारूचं मले का लागते? पेऊन मानूस झोपला त माझं का जाते? हाताले वास आला की त्या दिवशी तो हात उठन, हे मले उंबऱ्यावरच समजे. मंग मी गुंजनले आत न्याची, मागच्या खोलीत बसवाची, न मी दारात येऊन उभी राहाची. तुमाले सकाळी आठवत नव्हतं. मले सारं आठवते."

दुधरामच्या हातावरचा फेस वाळू लागला. तळहाताबद्दल चैतरामला सांगितलेली ती कौतुकाची गोष्ट, बायको किती हुशार आहे ती, वीस वर्षं तो ती सांगत फिरला होता.

"ह्या आठ दिवसांत तुमी रोज तोच वास हातावर घेऊन आले," रुख्मा म्हणाली, "न मी रोज नाही म्हनलं. मुद्दाम म्हनलं. वासाच्या हाताले नाही म्हनलं त तो उठते का, येवढंच मले पाहाचं होतं. पोरीले त्या हातात द्याच्या आधी. काल त तुमी लय तापले. मी म्हनलं, आता उठते."

"न मंग?" दुधरामनं विचारलं.

"नाही उठला."

तिनं परत लोटा उचलला आणि त्याच्या हातांवर पाणी ओतलं. ते मनगटापर्यंत स्वच्छ झाले, तरी ती ओतत राहिली. दुधरामच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि हात ओले असल्यामुळे ते पुसताही येत नव्हतं. "माझं चुकलं, रुख्मा," तो म्हणाला. लग्नाला सव्वीस वर्षं झाली होती, इतक्या वर्षांत हे तीन शब्द त्यानं शुद्धीत किंवा नशेत कधी म्हटले नव्हते. "लय चुकलं."

"चुकलंच," रुख्मा म्हणाली. तिनं ते कमी केलं नाही आणि वाढवलंही नाही. पदराच्या टोकानं त्याचे हात पुसले आणि ती पुढे चालू लागली.

अंगणात भोजराज उतावीळ झाला होता. कौलांच्या वर ऊन दिसू लागलं होतं. "बाई, सूर्य वर येऊन राहिला. मी घेऊ का पोरीले?"

"तू बस," रुख्मा म्हणाली. "आजा आहे तिचा."

गुंजन पोरीला घेऊन उंबऱ्यापर्यंत आली आणि तिथेच थांबली. मागच्या खोलीत बसवलेल्या लेकरालाही बरंच काही आठवत असतं. तिनं बापाच्या ओल्या डोळ्यांकडे पाहिलं, त्याच्या पुढे आलेल्या हातांकडे पाहिलं, आणि मग आईकडे. रुख्मा नेहमीसारखी दोघांच्या मधे उभी होती. तिनं मान डोलावली, आणि मधून बाजूला झाली.